साडूंचं न हलणारं मशीन

हलणारी वस्तू आमच्या थोरल्या साडूंना जितकी असह्य होत असे, तितकी या जगात दुसऱ्या कोणाला कुठलीच गोष्ट असह्य झाली नसेल. 'होत असे' लिहिलं खरं, पण लिहिताना जरा थांबलो. साडू अजून चांगले खुटखुटीत आहेत, पहाटे उठून तापीकाठी फिरायला जातात, दोन वेळा दाबून जेवतात. पण ज्या माणसाबद्दल मी सांगणार आहे तो 'होत असे'मधलाच आहे. तसा तो राहिला असता तर आम्हा सगळ्यांना आवडलं असतं, आणि राहिला नाही याबद्दल त्याला कोणी दोषही देणार नाही.

माणसं कोणाच्या घरी गेली की आधी पाणी पितात, मग घरच्यांची खुशाली विचारतात. साडू आधी टेबल दाबायचे. उजव्या हाताचा अंगठा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचे, डोळे अर्धे मिटायचे, आणि नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या चेहऱ्यावर असतो तसा भाव आणून हळूच जोर द्यायचे. मग खालच्या आवाजात निदान यायचं, "लवस." लवस म्हणजे लवतं, वाकतं, भरवशाचं नाही. आमच्या खानदेशातल्या अहिराणीत हा साधा रोजचा शब्द आहे, पण साडूंच्या तोंडी त्यात जगातली सगळी टीका मावायची. पूल लवायचे, पुढारी लवायचे, नवी मोटारसायकल लवायची. भाचीसाठी स्थळ बघून आले तेव्हा सगळं घर उत्सुकतेने त्यांच्याभोवती जमलं, तर म्हणाले, "पोऱ्या चांगला शे, शिकेल शे. पन मनमा लवस." पुढे त्या मुलाने खरोखरच दोनदा होकार आणि दोनदा नकार कळवला, तेव्हापासून साडूंच्या अंगठ्याचा दरारा आणखी वाढला.

नंदुरबारला आमच्याकडे ते एका दिवाळीत आले होते. चहा होईपर्यंत त्यांनी आमचं जेवणाचं टेबल उलटं करून त्याच्या पायांना दोन तिरप्या पट्ट्या स्क्रूने आवळल्या. तेव्हापासून टेबल तसूभर हललेलं नाही, पण त्याच्याखाली पाय घालता येत नाहीत. आमची ही म्हणाली, "दाजी, टेबल पक्कं झालं, पण आता आम्ही बसायचं कसं?" तर साडू शांतपणे म्हणाले, "बसाले पाट शेत ना घरमा!" धानोऱ्याला नात्यातल्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला गेला, आणि स्टेजच्या खालून ठोकाठोकीचा आवाज येऊ लागला. भटजींनी दोन ओळी तशाच रेटल्या, मग थांबले. नवरदेवाचे वडील वाकून खाली बघू लागले. थोड्या वेळाने फळ्यांखालून आमचे साडू बाहेर आले, नव्या शर्टाला जाळी, डोक्यावर धुळीचा टोप, हातात कोणाच्या तरी ट्रॅक्टरमधला हातोडा. कपडे झटकत ते भटजींना म्हणाले, "आते म्हना सावधान."

एका सूतगिरणीत देखभालीच्या कामावर त्यांनी उभी नोकरी काढली. हजारो चात्या गरगर फिरत असताना त्यातली नेमकी कोणती थरथरते आहे ते कानाने ओळखायचं आणि ती थांबवून नीट बसवायची, हेच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कान तसेच राहिले आणि चात्या गेल्या. काही महिने त्यांनी घरातले पंखे, मिक्सर, पिठाची गिरणी आणि शेजाऱ्यांच्या शिलाई मशिनी थरथरू नयेत म्हणून मेहनत घेतली. ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, भाकरी थापतानासुद्धा परात जास्त फिरते आहे की काय अशी धास्ती वाटू लागली. मग कोणीतरी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ कसे बघायचे ते दाखवलं आणि घराच्या नशिबाने वळण घेतलं.

परदेशातली दाढीवाली माणसं आपापल्या घराच्या पडवीत स्वतःच्या हाताने सीएनसी मशीन बनवतात, हे साडूंनी त्या व्हिडिओंत पाहिलं. संगणकावर नक्षी काढायची आणि ती या मशीनला द्यायची. मग मशीनचं पातं आपलं आपण डावी-उजवीकडे, खाली-वर फिरत ती नक्षी लाकडात कोरून काढतं. साडूंना त्या माणसांची भाषा कळत नव्हती, त्यामुळे ते आवाज बंद करून बघत. "बोलनं बंद करं का काम चांगलं दिसस," असं त्यांचं म्हणणं. थोड्याच दिवसांत ती दाढीवाली माणसं आमच्या नात्यात आल्यासारखी झाली. "तो लाल दाढीवाला अशी पट्टी लावस नही," असं साडू जेवताना सांगत आणि ताई विचारत, "तो म्हणजे जो मागच्या आठवड्यात पडला तो का?"

शहाद्याला कुरिअरने खोकी आली आणि तिथून साडूंच्या गावातल्या घरी. त्यांतून मोटरी निघाल्या, लांब लांब स्क्रू निघाले, ॲल्युमिनियमचे हलके खांब निघाले. मागच्या खोलीत हळूहळू एक सांगाडा उभा राहिला, खाली सपाट फळी आणि तिच्यावरून पुढे-मागे सरकणारी एक कमान. कमानीला पातं लटकलेलं. पहिलं काम काय करायचं यावर चर्चाच झाली नाही. आपल्या थोरल्या भावासाठी, आप्पांसाठी, जेवायला बसायचा सागवानी पाट आणि त्यावर कमळ.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं, कारण साडूंची गोष्ट त्यांच्यावाचून सांगताच येत नाही. प्रकाशा या तीर्थाच्या गावाअलीकडे, तापीकाठच्या त्यांच्या गावात या दोघा भावांची घरं एकमेकांना चिकटून आहेत. वडिलांनी बांधताना मधली भिंत एकच बांधली, पक्क्या विटांची, भक्कम. अलीकडे साडू, पलीकडे आप्पा. आप्पा केळीचे शेतकरी, लांबसडक, सैल अंगाचे, हसताना खांदे हलणारे. त्यांच्या मालकीची प्रत्येक वस्तू करकरायची. त्यांची सायकल करकरायची, फाटक करकरायचं, खाट तर नुसत्या विचारानेच करकरायची. जगातल्या सगळ्या लवणाऱ्या वस्तूंवर तुटून पडणाऱ्या साडूंनी आप्पांच्या खाटेला मात्र कधी हात लावला नाही. मी एकदा विचारलं तेव्हा जरा लाजून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर. ती करकरनी का माले समजस, आप्पा जागा शे." संध्याकाळी एकमेकांच्या ओट्यावर बसणं, एकाच्या घरचा चहा दुसऱ्याने पिणं, हे लहानपणापासून चाललेलं. दोघांत कधी वाद झालेला ताईंनी ऐकला नव्हता. वाद घालायला दोघांपैकी एकाने तरी मनातलं बोलून दाखवावं लागतं, आणि या घराण्यात ती पद्धतच नव्हती.

तर पाट तयार झाला. आम्हीही त्या दिवशी तिथेच होतो. कमळ उमललं होतं खरं, पण त्याच्या प्रत्येक पाकळीची कड नागमोडी आली होती, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब वाऱ्याने हलावं तशी. आप्पांनी पाट दोन्ही हातांत धरला, लांब केला, जवळ आणला, आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "कमळ बेस शे रे भाऊ. पन याले थंडी वाजी ऱ्हायनी!"

आम्ही पोट धरधरून हसलो. साडूही हसले. पण जेवताना त्यांनी एकच भाकरी खाल्ली, आणि हात धुताना मला कोपऱ्यात घेऊन समजावलं, "पातं लाकूडले कापस, तं लाकूड बी पातंले ढकलस, मास्तर. ढकलं का कमान लवस. लवनी का थरथरस. दोष कमळना नही. सांगाडा कच्चा शे."

त्या दिवसापासून सांगाडा पक्का करणं सुरू झालं, आणि ते इतकी वर्षं चाललं की मध्यंतरी आपण मशीन कशासाठी बनवलं होतं ते घरातलं कोणीच आठवेना. ॲल्युमिनियमचे खांब गेले आणि लोखंडी चौकोनी पाइप आले. प्रत्येक कोपऱ्यात जाड पत्र्याचे त्रिकोण बसले. "चौकोन खोटं बोलस, तिरकोन बोलत नही," हे त्यांचं त्या काळातलं ब्रीद होतं. मग लाल दाढीवाल्याने पाइपमध्ये वाळू भरलेली दिसली. साडूंनी तापीची वाळू आणली, धुतली आणि गच्चीवर वाळत घातली. तिथेच शेजारी ताईंचे उडदाचे पापड वाळत होते आणि त्या दिवशी वारा होता. त्या वर्षी पापड खाताना दाताखाली कच आली की आम्ही एकमेकांकडे बघत असू. वाळू चाळायला ताईंची पिठाची चाळणी गेली ती गेलीच.

मग आलं ते घड्याळ. दिसायला घड्याळ, पण वेळ सांगायचं नाही. लोहचुंबकाने मशीनला चिकटवायचं आणि त्याची सुई कमानीला टेकवायची. केसाच्या जाडीपेक्षा कमी हाललं तरी काटा ते दाखवायचा. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आता चहाच्या आधी मागच्या खोलीत नेलं जाई. "टेका, मास्तर," साडू म्हणत. मी कमानीला हाताने टेकायचो, काटा जरासा सरकायचा, आणि साडू माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की जणू तो मीच मुद्दाम सरकवला. पोस्टमन टेकला, केळीचे व्यापारी टेकले, तोरणमाळहून मध घेऊन येणारी पावरा आदिवासी बाईही टेकली. ती हसत हसत तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि साडूंनी त्याचा अर्थ 'आता बरंच पक्कं झालं' असा लावून घेतला. ताईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे बघितलंच नाही. मी बसले होते तो पाट दाबून बघत होते. तेव्हाच माझ्या बापाला कळायला हवं होतं."

इतकं सगळं करूनही काटा अगदी थोडा हालतच राहिला. शेवटी साडूंच्या ध्यानात आलं की मशीन आता पक्कं आहे, पण ते उभं आहे ती फरशी पक्की नाही. त्याला आधार हवा, हलणार नाही असा. आणि घरात न हलणारी एकच गोष्ट होती. वडिलांनी बांधलेली मधली भिंत.

ते आप्पांकडे गेले. मी बरोबर होतो. आप्पा खाटेवर बसून केळीच्या वेफर्सची पिशवी संपवत होते. साडू म्हणाले, "आप्पा, भिंतमा चार बोल्ट टाकना शेत. तुन्ही बाजूले नट दिसतीन. चाली का?"

आप्पांनी विचार केल्यासारखंही केलं नाही. "भिंत बापनी शे. तुन्ही बी, मन्ही बी. लाव."

भिंतीतून चार लांब बोल्ट आरपार गेले आणि पलीकडे जाड पट्ट्यांवर नट आवळले गेले. आप्पांनी त्या टोकांवर टोपी, पिशवी, बैलाची घुंगरमाळ आणि वहिनींची, म्हणजे आपल्या बायकोची, छत्री अडकवली आणि आल्या-गेल्याला सांगू लागले, "भाऊनी माले खुंट्या करी दिन्यात." अलीकडे साडूंनी मशीन चालवलं. काटा हालला नाही. आम्ही तिघं-चौघं एकदम टेकलो, तरी हालला नाही. त्याच दिवशी त्यांनी नवा पाट कोरला. पाकळ्या अशा आल्या की बोट फिरवताना कुठे अडखळेना. आप्पांनी पाट मांडीवर घेतला, तळहाताने पुसला आणि म्हणाले, "आते याले ऊन लागनं." साडूंचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. सबंध आयुष्यात त्यांनी कुठली परीक्षा दिली असेल, तर तिचा निकाल त्या एका वाक्यात लागला होता.

पुढचे काही महिने त्यांच्या आयुष्यातले सर्वात सुखाचे असतील. सकाळची पूजा झाली की मशीन सुरू व्हायचं. देव्हारे, जाळ्या, दारावरच्या पाट्या. प्रकाशाला देवदर्शनाला येणारे लोकसुद्धा वाट वाकडी करून बघायला यायचे. साडू खोलीच्या मध्यभागी स्टुलावर बसायचे, डोळे मिटलेले, कान उघडे. अलीकडे काही हालत नव्हतं.

पलीकडे हालत होतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं. मशीनची सगळी थरथर आता भिंतीत जात होती आणि भिंत ती पलीकडच्या घरात देत होती. फार नव्हे. भांड्यांच्या मांडणीत एक बारीक गुणगुण, छतात एक घरघर, दुपारी पडलेल्या माणसाच्या उशीत शिरणारी. वहिनींना दुपारची झोप येईना. आप्पांनी आधी रेडिओ मोठा लावला. मग खाट दुसऱ्या खोलीत नेली, मग ओट्यावर. कोणी विचारलं तर म्हणत, "बाहेर हवा बेस लागस." साडूंनी विचारलं होतं, मी साक्षीदार आहे. मशीन थांबवून बोल्ट जरा आवळायला ते पलीकडे गेले होते, भिंतीला कान लावून त्यांनी विचारलं, "आप्पा, आवाज येस का रे काही?" आणि आप्पा खाटेवरून म्हणाले, "नही रे. चालू दे तू."

वहिनींचं देवघर त्याच भिंतीवर होतं, दगडी फळीवर मांडलेलं. फळीवरचा पितळी दिवा रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडासा पुढे सरकलेला असायचा. वहिनी त्याला मागे ढकलायच्या आणि उंदरांच्या नावाने बोटं मोडायच्या. त्यांनी पिंजरा लावला, त्यात भाकरीचा तुकडा ठेवला. उंदीर काही सापडला नाही. "असा कसा उंदीर, जो भाकरी खात नाही आणि दिवा ढकलतो," असं त्या ताईंना हसून सांगायच्या, आणि ताईही हसायच्या.

एके दिवशी सकाळी आप्पा मळ्यात होते. दिवा फळीच्या कडेशी आला आणि पडला. तेल शहाबादी फरशीवर पसरलं. वहिनी पाण्याची कळशी घेऊन आत आल्या आणि घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांनी हाक मारली. हाक मारली ती भिंतीपलीकडे, दिराला, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. पलीकडे साडू डोळे मिटून स्टुलावर बसले होते आणि मशीन चालू होतं. शेवटी परसात कपडे वाळत घालणाऱ्या ताईंना ऐकू आलं. त्या धावत गेल्या, मग मागच्या खोलीत आल्या आणि त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. साडूंनी डोळे उघडून विचारलं, "काय व्हयनं? काबर बंद करं?"

आप्पांचा मुलगा सुरतेला कापडाच्या बाजारात आहे. तो गाडी घेऊन आला. दवाखाना, ऑपरेशन सगळं तिकडेच करायचं ठरलं. वहिनींना उचलून गाडीत झोपवताना त्याने भिंतीवरची ती चार टोकं पाहिली, फळी पाहिली, फळीवर दिव्याने तेलाची ओढलेली रेघ पाहिली. तो साडूंच्या अंगाखांद्यावर वाढलेला मुलगा. फाटकापाशी थांबून तो एवढंच म्हणाला, "काका, तुमनं मशीन हालनं नही. मन्ही माय पडनी." साडू हात जोडून उभे राहिले. ते हात कोणाला जोडले होते कोण जाणे, गाडी गेल्यावरही तसेच होते. आप्पा पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी काच खाली केली आणि "घरकडे देखज्या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडू आप्पांच्या घराची किल्ली घेऊन पलीकडे गेले. टोपी, पिशवी, घुंगरमाळ, छत्री, सगळं उतरवून खाटेवर नीट ठेवलं. मग ग्राइंडरने चारही बोल्ट कापले. भोकं सिमेंटने भरली, वरून चुना लावला. ताई सांगतात की ते काम त्यांनी इतकं नीट केलं की आता भिंतीवर हात फिरवला तरी जागा सापडत नाही. अलीकडे येऊन त्यांनी मशीनवर चादर टाकली. त्यानंतर ते कोणाच्या घरी गेले तर सरळ खुर्चीत बसत, पाणी पीत आणि खुशाली विचारत. आमची ही मला म्हणाली, "दाजींना आपल्या घरी बोलावू नका काही दिवस. असे शहाण्यासारखे बसलेले मला बघवत नाहीत."

सुरतेला जायचं त्यांनी बरेच दिवस टाळलं. मग एका रविवारी नंदुरबारला आमच्या दारात आले, हातात केळीचा घड. "मास्तर, चालतस का? एकला जावानी हिंमत नही." आम्ही गाडीत बसलो. नवापूर गेलं, डोंगर गेले, साडू खिडकीतून बाहेर बघत होते. काय बोलायचं त्याची ते मनात जुळवाजुळव करत असावेत, ओठ हालत होते.

चौथ्या मजल्यावरचं घर. दार आप्पांनीच उघडलं. "उना का!" म्हणाले आणि खांदे हालवत हसले, पण अंगातला सदरा आणखी सैल झाला होता. वहिनी आतून वॉकर धरून आल्या. एक पाऊल, मग वॉकर, मग दुसरं पाऊल. त्यांना बसायला वेळ लागला. साडू खुर्चीवर न बसता त्यांच्या पायांशी फरशीवर बसले. गाडीत जुळवलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. "वहिनी," म्हणाले आणि थांबले. पुन्हा "वहिनी" म्हणाले.

वहिनींनी त्यांना पुढचं बोलूच दिलं नाही. "माले तं उंदीरच वाटनात भाऊ," त्या म्हणाल्या. "आते जेवन करीसन जाज्यात. सूनबाईनी डाळगंडोरी करी शे."

डाळगंडोरी, आमच्या खानदेशातली मिरचीची डाळ, चांगली झाली होती. नातवंडं आप्पांच्या पाठीवर चढत होती. जेवण झाल्यावर साडू म्हणाले, "आप्पा, बोल्ट काढी टाकात. मशीन बंद शे. घर चाल."

आप्पा बराच वेळ नातवाच्या बुटाची नाडी बांधत राहिले. मग म्हणाले, "रागे नही रे मी. तिना दवाखाना आठे जवळ शे. ती पायऱ्या चढी शकत नही, आठे लिफ्ट शे. आते आठेच बरं."

स्टेशनवर सोडायला आप्पा आले. गाडी लागलेली होती. मी खिडकीत जागा धरली, दोघं भाऊ खाली उभे. मला वाटलं हवापाण्याचं बोलत असतील. मग आप्पांचा आवाज आला, "आवाज येत व्हता रे. भलता येत व्हता."

साडू म्हणाले, "मंग सांगं काबर नही?"

"मी सांगतू तं तू बंद करी देता," आप्पा म्हणाले. "तुन्हं तोंड देखं व्हतं मी, पाट दखाडना त्या दिवशी. म्हनीसन नही सांगं."

गाडी हालली. साडू चढले, माझ्या शेजारी बसले. उधना गेलं, बार्डोली गेली. नवापूरला चहावाला आला तेव्हा मी दोन चहा घेतले, एक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "मी इचारं व्हतं, मास्तर. तुम्ही व्हतात ना? इचारं व्हतं. पन इचारतांना त्यानाकडे देखंच नही. भिंतकडे देखी ऱ्हायंतू." चहा गार झाला. नंदुरबार येईपर्यंत त्यांनी तो प्यायला नाही आणि फेकलाही नाही.

मशीन पुढे शहाद्याच्या एका सुताराला देऊन टाकलं. ते न्यायला केळीचे ट्रक भरणारी धट्टीकट्टी माणसं आली, त्यांनी एकदा जोर लावला आणि हसायलाच लागली. साडूंनी ते कधी हलावं अशा बेताने बनवलंच नव्हतं. शेवटी दाराची चौकट काढावी लागली, खाली लाकडी ओंडके घालून ते लोळवत न्यावं लागलं. सगळं गाव बघायला जमलं होतं. साडू मात्र ओट्यावर बसून ताईंना शेंगा सोलू लागत होते. सुतार म्हणतो की असं मशीन त्याने पाहिलेलं नाही. त्यावर कोरलेलं एक दार त्याने साडूंना दाखवायला आणलं होतं, साडूंनी चांगलं आहे म्हटलं आणि चहा दिला.

साडू आता दर महिन्याला सुरतेला जातात. भावाकडे दोन दिवस राहतात, वहिनींना खाली बागेत फिरवून आणतात, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडतात. पुतण्या त्यांच्याशी बोलतो. पूर्वीसारखं नाही, पण बोलतो.

या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आप्पा एकटे गावी आले. वडिलांच्या नावाने घागर भरायची, ती थोरल्या मुलानेच भरायची. आम्हीही गेलो होतो. आप्पांनी कुलूप उघडलं, स्वतःच घर झाडलं, नैवेद्य दाखवला. जेवण अलीकडे झालं. आमरस होता, पुरणपोळी होती, दोघं भाऊ मांडीला मांडी लावून बसले आणि केळीच्या भावाबद्दल बोलत राहिले. वहिनींना रात्री उठवायला-बसवायला आप्पाच लागतात म्हणून ऊन उतरायच्या आतच ते निघाले. राहा असं कोणी म्हटलं नाही. तसं म्हणून उपयोग नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

साडू आणि मी त्यांना एसटीला बसवायला गेलो. गाडी सुरू झाल्यावर आप्पांना काहीतरी आठवलं. त्यांनी घाईघाईने पिशवी उपसली आणि खिडकीतून एक स्टीलचा डबा साडूंच्या हातात दिला. "हाई ऱ्हाई जात व्हतं," ते ओरडून म्हणाले. "सांजोऱ्या शेत. तिनी बशीसन करात, तुन्हासाठे!"

एसटी वळली, धूळ खाली बसली. साडू थांब्याच्या बाकावर बसले आणि त्यांनी डबा उघडला. वहिनींनी बसून केलेल्या त्या सांजोऱ्या एकसारख्या, काठ नीट दुमडलेल्या, एकही फुटलेली नव्हती. त्यांनी एक मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः खाल्ली.

"पहिले ती उभी ऱ्हाईसन करे," ते म्हणाले. "सगळा गावले वाटे."

मग झाकण लावलं, डबा मांडीवर घेतला. घरी जायला उठावं की नाही, हे आम्हा दोघांनाही कळेना.